हजाराचा ब्लूटूथ ओबीडी रीडर जुन्या ऑटोमॅटिकचा घसरणारा गिअर पकडतो का?

जुनी ऑटोमॅटिक गाडी चढाला लागते, रेस वाढते, काटा तीन हजारांच्या पुढे जातो आणि गाडी मात्र ओढत नाही. मिस्त्री एक फेरी मारून येतो आणि सांगतो, "गिअर स्लिप होतोय, बॉक्स उतरवावा लागेल." बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात साधा गिअरबॉक्स खोलणारे चांगले हात पुष्कळ आहेत. ऑटोमॅटिकचा बॉक्स मात्र बऱ्याचदा हुबळी, कोल्हापूर नाहीतर पुण्याला न्यावा लागतो. टोइंग, मजुरी आणि त्यावर गाडी किती दिवस बंद राहील याचा नेम नाही. म्हणून बॉक्सला पाना लावण्याआधी दोष आत आहे की बाहेर, आणि आत असेल तर कुठल्या भागात, हे कळलंच पाहिजे.

त्यासाठी सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे मोबाईलला ब्लूटूथने जोडला जाणारा, ईएलएम ३२७ जातीचा ओबीडी रीडर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे आणि दोषांचे कोड वाचणारा छोटा नग. ऑनलाइन आणि ॲक्सेसरीजच्या दुकानांत तो हजाराच्या आतबाहेर मिळतो. इथे त्याचं परीक्षण एकाच कामापुरतं आहे: टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) असलेल्या जुन्या ऑटोमॅटिकचा गिअर घसरतोय का, आणि घसरत असेल तर कुठे.

मत आधीच सांगतो. एप्रिल २०१३ नंतरची गाडी असेल तर रीडर जरूर घ्या. २०१० ते २०१३ मधली असेल तर गाडीला लावून बघूनच पैसे द्या. त्याआधीच्या गाडीला तो नुसता इंजिनचे आरपीएम दाखवेल, कदाचित तेही नाही. ओबीडी म्हणजे गाडीने स्वतःचे दोष नोंदवून ठेवण्याची पद्धत. भारतात ओबीडी-१ एप्रिल २०१० पासून आणि ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून सक्तीचं झालं. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं तेच सॉकेट दिसतं, पण आतली भाषा कंपनीची स्वतःची असते. सॉकेटचा आकार बघून रीडर घेणारे इथेच फसतात.

घेण्याआधी टॉर्च घेऊन सॉकेटमध्ये बघा. वरच्या ओळीत डावीकडून १ ते ८ आणि खालच्या ओळीत ९ ते १६ अशा खाचा असतात. ६ आणि १४ मध्ये पितळी पट्टी असेल तर गाडी कॅनवर, म्हणजे आकडे वेगाने नेणाऱ्या दोन तारांवर, बोलते आणि रीडर झपाझप आकडे देतो. त्या दोन्ही रिकाम्या आणि फक्त ७ भरलेली असेल तर ती के-लाइन, म्हणजे जुनी एका तारेची जोडणी. ती चालते, पण संथ. के-लाइनच्या गाडीत ॲपवर एकाच वेळी दहा घड्याळं लावली की प्रत्येक आकडा उशिरा येतो; गिअर बदलून जातो आणि रेसची उडी पडद्यावर दिसतच नाही. तिथे तीनच आकडे ठेवा: इंजिनचे आरपीएम, गाडीचा वेग आणि थ्रॉटल. बाकी सगळे काढून टाका.

रीडर लावण्याआधी तेल बघा. हे काम कुठलाही रीडर करत नाही, आणि घसरणाऱ्या गिअरचं सगळ्यात साधं, सगळ्यात स्वस्तात सुटणारं कारण तेलाची कमी पातळी हेच आहे. बघायची पद्धत मात्र गाडीगणिक वेगळी. होंडाच्या जुन्या ऑटोमॅटिकला इंजिन पूर्ण गरम करून बंद करायचं आणि ६० ते ९० सेकंदांच्या आत डिपस्टिक बघायची. ह्युंडाईच्या चार गिअरच्या बॉक्सला नेमकं उलट: इंजिन चालू, तेल ७० ते ८० अंश, गाडी सपाटीवर, लिव्हर पी पासून खालपर्यंत प्रत्येक खाचेत थोडं थांबवत फिरवून एन मध्ये आणायचा आणि मग बघायचं. डब्ल्यूएस नावाचं तेल लागणाऱ्या बऱ्याच टोयोटांना डिपस्टिकच नसते. ठरावीक तापमानाला खालचा ओव्हरफ्लो प्लग काढून पातळी ठरवावी लागते.

पद्धतीची अदलाबदल झाली की घोटाळा होतो. ह्युंडाईची पातळी इंजिन बंद करून बघितली तर वर चढलेलं तेल खाली उतरतं आणि कमी तेलही भरलेलं वाटतं. होंडाची पातळी इंजिन चालू ठेवून बघितली तर ती कमी दिसते, मग वरून अर्धा-एक लिटर ओतलं जातं. जास्त तेलही तितकंच वाईट. फिरत्या भागांनी ते घुसळलं जातं, फेस होतो, पंप तेलाबरोबर हवा ओढतो, दाब पडतो आणि गिअर घसरतो. कमी तेलाचं लक्षणही तेच असल्यामुळे आणखी तेल ओतायचा मोह होतो.

आता डिपस्टिक पांढऱ्या कागदावर टेका. थेंब पसरू द्या, पाच मिनिटं थांबा. लाल किंवा फिकट तपकिरी, पारदर्शक डाग पसरला तर तेल ठीक. गडद तपकिरी डाग आणि जळकट वास म्हणजे क्लच प्लेट्स तापल्या आहेत. मध्ये काळा ठिपका आणि त्यात बोटाला कणकण लागणारी पूड म्हणजे प्लेटचं अस्तर सुटून तेलात आलंय. इथे खर्चाची तयारी ठेवा. स्ट्रॉबेरीच्या मिल्कशेकसारखं गुलाबी दुधाळ तेल दिसलं तर रेडिएटरमधला ऑइल कूलर फुटून कूलंट आत शिरलंय. अशी गाडी चालू करून घरी नेऊ नका, जागेवरून टो करा. पाण्याने अस्तराचा डिंक सुटतो. प्रत्येक किलोमीटर महाग पडतो.

हे परीक्षण सगळ्या 'दोन पेडलच्या' गाड्यांना लागू नाही. सेलेरिओ, वॅगनआरसारख्या गाड्यांतली एएमटी म्हणजे साधाच गिअरबॉक्स आणि साधीच क्लच प्लेट, फक्त पाय मोटरचा. तिथे रेस वाढून गाडी न ओढणं म्हणजे क्लच प्लेट संपली. फोक्सवॅगन-स्कोडाच्या सात गिअरच्या कोरड्या डीएसजीत दोन क्लच असतात आणि तिचं निदान त्या कंपनीच्या गाड्यांसाठीच्या स्कॅनरशिवाय होत नाही. सीव्हीटीत पट्टा आणि पुली. या तिघांवर खाली दिलेली स्टॉल टेस्ट करू नका.

रीडर जोडा. इग्निशन ऑन, जोडणीचा पिन बहुधा १२३४ किंवा ००००. आयफोनवाल्यांनी खोक्यावर बीएलई किंवा वायफाय लिहिलंय का ते बघावं. साधा ब्लूटूथचा नग आयफोनला जोडला जात नाही. ॲप कुठलंही चालेल, पण गाडीच्या कंपनीचं प्रोफाइल निवडता येईल असं घ्या. आपल्याला सगळ्यात मोलाचा आकडा म्हणजे टर्बाइन स्पीड, काही ॲपांत त्याला इनपुट शाफ्ट स्पीड म्हणतात. तो सरकारी सक्तीच्या सर्वसाधारण यादीत येत नाही, कंपनीच्या प्रोफाइलमधूनच मिळतो. मिळाला तर या रीडरची किंमत तिथेच वसूल झाली.

का, ते बघा. इंजिन टॉर्क कन्व्हर्टरचा एक पंखा फिरवतं. त्यातलं तेल समोरचा पंखा फिरवतं, तो टर्बाइन. टर्बाइनचा शाफ्ट गिअरबॉक्सच्या आत जातो आणि तिथून क्लच पॅकमधून चाकांकडे. म्हणजे ताकद जाताना तीन ठिकाणी मोजता येते: इंजिन, टर्बाइन, चाक. इंजिन आणि टर्बाइनमध्ये फरक वाढला तर कन्व्हर्टर घसरतोय. टर्बाइन आणि चाकांचा हिशेब चुकला तर बॉक्सच्या आतला क्लच घसरतोय. या दोन आजारांचा खर्च आणि उपाय पूर्ण वेगळा आहे, आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसून दोन्ही अगदी सारखेच वाटतात.

टर्बाइनचा आकडा नाही मिळाला तरी वाट बंद होत नाही. कागद-पेन घ्या. समजा टायरचा परीघ १.८ मीटर, वरच्या गिअरचं रेशो ०.७ आणि फायनल ड्राइव्हचं (चाकांआधीच्या शेवटच्या गिअरजोडीचं) ४. ताशी ८० किलोमीटरला गाडी मिनिटाला १,३३३ मीटर जाते, म्हणजे चाक ७४१ फेरे घेतं. ०.७ गुणिले ४ म्हणजे २.८, ७४१ ला त्याने गुणलं की २,०७५. लॉकअप क्लच (स्थिर वेगात कन्व्हर्टरचे दोन्ही पंखे एकमेकांना जखडणारा) लागलेला असताना पडद्यावर २,१०० च्या आसपास दिसलं तर सगळं ठीक. २,३५० दिसलं तर लॉकअप लागलेला नाही, कन्व्हर्टर नुसत्या तेलावर चालतोय. ३,००० दिसलं तर आधी गाडी खरंच वरच्या गिअरमध्ये आहे ना, याची खात्री करा. असेल तर क्लच घसरतोय. आपल्या गाडीचे रेशो मॅन्युअलमध्ये असतात, टायरचा परीघ जमिनीवर खडूने खूण करून टेपने मोजता येतो.

रस्ता निवडतानाही विचार हवा. स्थिर वेगाचा आकडा बेळगावजवळच्या हलगा ते हिरेबागेवाडी हायवेवर घ्या. तिथेच लॉकअपची साधी परीक्षा होते: ताशी ८० ला ॲक्सिलरेटर तसाच धरून डाव्या पायाने ब्रेकला हलका स्पर्श करा, नुसता दिवा लागेल इतका. आरपीएम १५०-३०० ने वर गेले आणि पाय काढल्यावर खाली आले, तर लॉकअप लागतोय आणि सुटतोय. काहीच हललं नाही तर तो मुळात लागलेलाच नव्हता. मागे गाडी नाही हे बघून करा आणि शेजारी आकडे लिहायला दुसरा माणूस बसवा. ड्रायव्हरने मोबाईलकडे बघू नये.

भाराचा आकडा चढावरच मिळतो. सुतगट्टीजवळचा वंटमुरी घाट किंवा निपाणीकडचा तवंदी घाट त्याला पुरेसा आहे. चोरला घाटाचा गोव्याकडून वर येणारा भाग मोठी परीक्षा घेतो, पण घसरणाऱ्या बॉक्सला तिथे नेऊ नका. वळणांवर गाडी अडकली तर टो व्हॅन यायलाही वेळ लागतो. चढावर थ्रॉटल अर्ध्यावर स्थिर ठेवा. वेग तोच आणि आरपीएम हळूहळू सरकत वर जाताहेत, हे घसरणं. एकदम ठरावीक उडी मारून तिथेच थांबले तर गिअर खाली आलाय, ते नेहमीचं काम आहे. हा फरक कानाला पटकन कळत नाही. पडद्यावरच्या आलेखात मात्र स्पष्ट दिसतो, एक तिरपी रेघ आणि एक पायरी. रीडर घ्यायला आमच्या मते एवढं एक कारण पुरेसं आहे.

कधी घसरतो हेही टिपून ठेवा. सकाळी थंड असताना घसरतो आणि तापल्यावर सुधारतो: आतले रबरी सील कडक झालेत, किंवा रात्रभरात तेल खाली उतरतंय. थंड असताना ठीक आणि तासाभराने घसरायला लागतो: पातळ झालेल्या तेलाला दाब धरता येत नाही; पंप झिजलाय किंवा व्हॉल्व्ह बॉडी (तेल वेगवेगळ्या क्लचकडे वाटणारा भाग) गळतेय. फक्त दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना रेस उसळते: एकच क्लच किंवा एकच सोलेनॉइड (तेलाची वाट उघड-बंद करणारा विजेवरचा व्हॉल्व्ह). वळणावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावरच घसरतो: पातळी कमी, पंपाच्या तोंडाशी हवा येतेय.

एक तपासणी रेल्वेचं गेट पडल्यावरही होते. तेल गरम असताना टिळकवाडीच्या दुसऱ्या गेटवर गाडी थांबली, की ब्रेक दाबून एन मधून डी मध्ये टाका आणि हलका धक्का जाणवेपर्यंत सेकंद मोजा. टोयोटाच्या मॅन्युअलमध्ये याची मर्यादा १.२ सेकंद आहे, एन मधून आर साठी १.५. रिव्हर्सची मोजणी रांगेत नको, अंगणात करा. प्रत्येक वेळी एक मिनिट जाऊ देऊन तीनदा मोजा आणि सरासरी काढा. डी उशिरा आणि आर वेळेवर, तर फॉरवर्ड क्लचकडे (पुढे जाण्याच्या गिअरांच्या क्लचकडे) बोट. दोन्ही उशिरा, तर दाब कमी.

स्टॉल टेस्ट शेवटी, आणि तेल जळकं असेल तर अजिबात नाही. चारही चाकांना ओट (दगड किंवा ठोकळा) लावा, हँडब्रेक ओढा, समोर माणूस उभा राहू देऊ नका. डावा पाय ब्रेकवर पूर्ण, लिव्हर डी मध्ये, उजवा पाय पूर्ण दाबा आणि आरपीएम जिथे थांबतात तो आकडा बघा. पाच सेकंदांच्या वर नाही. लगेच एन मध्ये टाकून दोन मिनिटं तेल गार होऊ द्या, मग आर मध्ये तेच. आकडा मॅन्युअलशी ताडून बघा. डी आणि आर दोन्हींत जास्त: दाबच कमी, म्हणजे तेल, गाळणी किंवा पंप. फक्त डी मध्ये जास्त: फॉरवर्ड क्लच. फक्त आर मध्ये जास्त: रिव्हर्सचा क्लच किंवा ब्रेक. दोन्हींत कमी: इंजिन अशक्त आहे किंवा कन्व्हर्टरच्या स्टेटरचा एकदिशा क्लच गेलाय, अशा गाडीत गिअरबॉक्स खोलून काहीच हाती लागत नाही.

आता रीडर दाखवतो त्या दोषांच्या कोडांबद्दल. पी ०७०० दिसला की लोक घाबरतात. त्याचा अर्थ एवढाच, की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरकडे काहीतरी तक्रार नोंदलेली आहे. ती तक्रार काय, ते त्या कॉम्प्युटरमध्ये शिरल्याशिवाय कळत नाही, आणि स्वस्त रीडर बऱ्याच जुन्या गाड्यांत तिथे शिरत नाही. पी ०७३० म्हणजे रेशो चुकतोय, पी ०७३१ ते पी ०७३५ म्हणजे अनुक्रमे पहिला ते पाचवा गिअर. हे खरे घसरण्याचे कोड. पी ०७४१ लॉकअपचा, पी ०७१५ टर्बाइन सेन्सरचा, पी ०७२० आउटपुट सेन्सरचा. सेन्सरचा कोड असेल तर आधी कनेक्टर आणि वायर बघा. कॉम्प्युटरला चुकीचा वेग कळला की चांगला गिअरही तो चुकीच्या वेळी टाकतो. कोड नाही म्हणून गिअर ठीक, असंही समजू नका. थोडं घसरणं कॉम्प्युटरच्या मर्यादेत बसून जातं. आणि कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेमचा स्क्रीनशॉट घ्या. त्यात दोष आला त्या क्षणीचे आरपीएम, वेग, तापमान असतात आणि पुसल्यावर तेही जातं.

पावसाळ्यात खानापूर, जांबोटी, कणकुंबी भागातल्या गाड्यांत एक प्रकार घसरण्यासारखाच वाटतो, पण तो घसरणं नसतो. गिअरबॉक्सच्या अंगावरच्या इनहिबिटर स्विचमध्ये पाणी शिरतं, कॉम्प्युटरला लिव्हर कुठे आहे ते कळत नाही आणि तो गाडी एकाच वरच्या गिअरमध्ये, बहुधा तिसऱ्यात, अडकवून ठेवतो. उठाव जातो, चढाला गाडी ओढत नाही. रीडरवर बघितलं की रेस आणि वेगाचा हिशेब तिसऱ्या गिअरला तंतोतंत जुळतो, म्हणजे काहीच घसरत नाहीये. होंडात अशा वेळी डी चा दिवा लुकलुकतो. कनेक्टर काढून कॉन्टॅक्ट क्लीनर, कोरडी हवा, गरज पडली तर स्विच. बॉक्सला हात लावायचं कारण नाही. लिव्हरच्या केबलचं बुश तुटलं तरी असाच चकवा होतो: दिसायला डी, आतला व्हॉल्व्ह अर्धवट. लिव्हर डी मध्ये ठेवून किंचित पुढे-मागे दाबल्यावर ओढ बदलली तर आधी केबल बघा.

सोलेनॉइडच्या बाबतीत रीडर नुसता इशारा देतो, निकाल मल्टिमीटरच देतो. टोयोटाच्या चालू-बंद सोलेनॉइडला २० अंशांना ११ ते १५ ओहम हवेत. ह्युंडाईच्या चार गिअरच्या बॉक्समध्ये ३ ओहमच्या आसपास आकडा येतो आणि तोच बरोबर आहे. टोयोटाची सवय असलेला माणूस तो बघून चारही सोलेनॉइड शॉर्ट झाले म्हणेल. म्हणून आकडा आपल्याच गाडीच्या मॅन्युअलशी ताडा.

तपासणीत नुसतं तेल जुनं निघालं, काळी पूड नाही, तर बदला. एकदा ड्रेन केल्यावर साधारण ४० टक्केच तेल निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं. तीनदा बदललं, मध्ये दोन-तीनशे किलोमीटर चालवलं, तर नव्या तेलाचं प्रमाण ७८ टक्क्यांपर्यंत जातं. दाबाने फ्लश करून घेऊ नका, साचलेला गाळ व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटांत जाऊन बसतो. होंडाला डीडब्ल्यू-१, ह्युंडाईच्या जुन्या बॉक्सला एसपी-३, टोयोटाला मॅन्युअलप्रमाणे टी-४ किंवा डब्ल्यूएस. "सगळं लाल तेल सारखंच" हे काउंटरवरचं उत्तर मान्य करू नका. घर्षण ठरवणारी द्रव्यं प्रत्येकात वेगळी असतात. ड्रेन प्लगच्या किंवा पॅनमधल्या चुंबकावरची करडी, लोण्यासारखी मऊ पेस्ट नेहमीची. चमकणारे पापुद्रे किंवा सुईसारखे तुकडे सापडले तर बॉक्स उतरवावाच लागेल, आणि त्या वेळी मिस्त्री बरोबर सांगतोय.

आता नग कुठला घ्यायचा. ईएलएम ३२७ ही मूळ चिप बनवणारी कॅनडातली कंपनी २०२२ मध्ये बंद झाली. बाजारात दिसतात त्या बहुतेक नकला, आणि आवृत्तीचा छापील आकडा भरवशाचा नाही. २.१ लिहिलेल्या फार स्वस्त नगांत बरेच आदेश चालत नाहीत, के-लाइनच्या गाड्यांना ते बऱ्याचदा जोडलेच जात नाहीत. पीआयसी १८एफ२५के८० चिपचा नग मिळाला तर तो घ्या. दुकानदाराला स्पष्ट सांगा, की गाडीला लावून आरपीएम आणि वेग दिसला तरच घेणार. काम झालं की रीडर काढून ठेवा, सॉकेटला बारा महिने वीज असते आणि उभ्या गाडीची बॅटरी हळूहळू उतरते.

तुमची गाडी २०१० च्या आधीची असेल तर हे पैसे वाचवा आणि कंपनीवार स्कॅन करणारा टॅबलेट असलेल्या गॅरेजात एकदाच सविस्तर तपासणी करून घ्या. तिथे नुसते कोड मागू नका. फेरी मारताना इंजिन, टर्बाइन आणि आउटपुटचे आरपीएम एकाच पडद्यावर लावायला सांगा आणि त्याचा फोटो घ्या. बॉक्स पुढे कुठेही गेला तरी खोलणाऱ्याला तो फोटो उपयोगी पडतो.

कोल्हापूरहून किंवा गोव्याहून जुनी ऑटोमॅटिक आणायला जाणार असाल तर रीडर खिशात असू द्या. गाडी आधीच गरम करून ठेवलेली नसावी, हे फोनवरच सांगा. इंजिन सुरू करण्याआधी कूलंटचं तापमान बघा; ते सकाळच्या हवेइतकं असलं पाहिजे. मग ॲपमधलं रेडिनेस मॉनिटरचं पान उघडा; गाडीच्या कॉम्प्युटरच्या स्वतःच्या चाचण्या पूर्ण झाल्यात का, ते तिथे दिसतं. सगळ्या ओळी अपूर्ण दिसत असतील तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढून लावलीय. बॅटरीचं कारण विचारा, आणि उत्तर काहीही मिळालं तरी थंड इंजिनपासून अर्धा तास चालवून, घाट चढवून आकडे लिहिल्याशिवाय विसार देऊ नका.